रसविघ्नाचा प्रश्न : अनुबोधपट आणि परदुःख

आनंद पटवर्धन यांच्या 'हमारा शहर' (१९८५) या अनुबोधपटात एक प्रसंग आहे. मुंबईतील झोपड्या पाडण्याच्या मोहिमेचे चित्रण चालू असताना घर गमावलेली एक स्त्री जाब विचारते. पण तो महापालिकेच्या अधिकाऱ्याला नव्हे, तर चित्रण करणाऱ्यांनाच. गरिबांची चित्रे घेऊन तुम्ही नाव मिळवाल, आमच्यासाठी काय करणार आहात, असा तिच्या बोलण्याचा मथितार्थ आहे. तिला चित्रपटात कोणीही उत्तर देत नाही. संकलन करताना हा तुकडा सहज वगळता आला असता आणि त्यामुळे चित्रपटाच्या प्रतिपादनात काहीही उणे पडले नसते. निवाऱ्याचा हक्क, शहर उभारणाऱ्यांनाच शहरातून हुसकावण्याची नीती, सुखवस्तू नागरिकांची तुच्छता हे सारे इतर प्रसंगांतून पुरेसे सिद्ध होत होते. तरीही तो तुकडा ठेवला गेला. तो ठेवल्याने नेमके काय साधले, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही.

सोपे उत्तर असे की, यातून दिग्दर्शकाचा प्रामाणिकपणा दिसतो. मराठी समीक्षेला हा शब्द विशेष प्रिय आहे. परंतु प्रामाणिकपणा हा कर्त्याचा गुण झाला. ती स्त्री चित्रणकर्त्याच्या अंतःकरणाची परीक्षा घेत नाही. तो मनापासून आला आहे की नाही, याच्याशी तिला कर्तव्य नाही. आपल्या उघड्यावर पडलेल्या संसारातून दुसऱ्या कोणाला काहीतरी मिळणार आहे, हे तिने ओळखले आहे आणि त्या व्यवहारात आपली बाजू कोणती, एवढेच ती विचारते आहे. आपल्याविषयीच्या या प्रश्नाने दिग्दर्शक आत्मपरीक्षणाला प्रवृत्त झाला, असे म्हणून समीक्षक मोकळा होतो, तेव्हा त्या स्त्रीचा प्रश्न पुन्हा एकदा तिच्या हातून काढून घेतलेला असतो.

येथे संज्ञेविषयी थोडे सांगणे अप्रस्तुत ठरू नये. इंग्रजीतील 'डॉक्युमेंटरी'ला मराठीत माहितीपट, वृत्तपट, अनुबोधपट असे निरनिराळे प्रतिशब्द योजले गेले. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने जे काही चित्रपटगृहांतून सक्तीने दाखवले, त्याला 'माहितीपट' हा शब्द शोभत असे. धरणाची उंची, गव्हाचे नवे वाण, कुटुंबनियोजनाचा त्रिकोण ही माहितीच होती, आणि ती मिळू नये म्हणून अनेक प्रेक्षक तेवढा वेळ बाहेर चहा घेत उभे राहत. 'अनुबोधपट' या शब्दात मात्र एक वेगळी शक्यता आहे. 'अनु' म्हणजे मागून, पाठोपाठ. पाहून झाल्यानंतर मागाहून होणारा बोध, असा त्याचा अर्थ कोणी लावला तर तो व्युत्पत्तीला अगदीच सोडून होणार नाही. प्रस्तुत चर्चेत हाच शब्द वापरला आहे.

दुःखाच्या चित्रणाविषयी भारतीय साहित्यशास्त्राने जो विचार केला, त्याच्या केंद्रस्थानी साधारणीकरणाची कल्पना आहे. शोकाचा श्लोक झाला, ही कथा सर्वपरिचित आहे. पण तो शोक मुनीचा वैयक्तिक शोक मानू नये, असा अभिनवगुप्ताचा आग्रह आहे. मुनी स्वतःच दुःखाने व्याकूळ असता तर काव्य संभवले नसते. शोक ज्याचा त्याचा न राहता, विशिष्ट व्यक्ती, स्थळ आणि काळ यांच्या बंधनातून सुटून सर्वांच्या आस्वादाचा विषय होतो, तेव्हा करुणरसाची निष्पत्ती होते. या प्रक्रियेच्या आड येणाऱ्या गोष्टींना त्याने विघ्ने म्हटले आणि अशी सात विघ्ने सांगितली. हे दुःख माझे आहे किंवा अमक्याचे आहे, ते अमुक ठिकाणी अमुक काळी घडले, अशा देशकालविशेषात मन अडकून पडणे हे त्यांपैकी एक. नटाचा मुकुट, वेष, रंगभूमीचे विधी, गीत, नृत्य ही सर्व योजना हे विघ्न दूर करण्यासाठी आहे.

अनुबोधपट नेमका या विघ्नावर उभा आहे. पडद्यावर रडणारी स्त्री कोणा पात्राचे रूप घेऊन आलेली नाही. ती कोण, हे ठाऊक नसले तरी ती कोणीतरी आहे. खेळ संपल्यावर ती मुकुट उतरवून घरी जाणार नाही, कारण घर पाडले गेले हाच तर प्रसंग आहे. तिच्या शोकाचे साधारणीकरण झाले, प्रेक्षकाच्या डोळ्यांत अश्रू आले, तो अंतर्मुख होऊन बाहेर पडला, तर रसव्यवहार यशस्वी झाला असे म्हणावे लागेल. मग जिचे दुःख होते, ती कोठे गेली? रंगभूमीवरील शकुंतलेच्या बाबतीत हा प्रश्न संभवत नाही. अनुबोधपटाच्या बाबतीत तो टाळता येत नाही. 'आमच्यासाठी काय करणार' असे विचारणारी स्त्री आपल्या शोकाचा रस होऊ देत नाही. ती स्वतःच रसविघ्न होऊन उभी राहते. संकलनात तिला ठेवणे म्हणजे हे विघ्न जाणूनबुजून दूर न करणे होय.

रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद ही दोन ध्रुवस्थाने मांडून मराठी समीक्षेला एक चांगले साधन दिले. अनुबोधपट लौकिकाच्या ध्रुवाजवळचा, असे सांगून विषय संपवता येईल, असे वाटते. पण तेही खरे नाही. केवळ लौकिक उपयुक्ततेच्या कसोटीवर अहवाल, प्रतिज्ञापत्र, पंचनामा हे प्रकार अनुबोधपटाहून कितीतरी कार्यक्षम ठरतील. चित्रपटाला चौकट असते, लय असते, संगीत असते, कोठे थांबायचे याचा निर्णय असतो. दुःखाला घाट मिळाल्याखेरीज ते दोन तास पाहवत नाही, आणि घाट मिळाला की ते थोडेफार आस्वाद्य होते. ही अडचण या कलाप्रकाराच्या मुळाशीच आहे. एखाद्या दिग्दर्शकाच्या सद्‌हेतूने ती सुटत नाही.

क्लोद लान्झमान यांचा 'शोआ' (१९८५) हे या अडचणीचे सर्वांत कठोर उदाहरण. ज्यूंच्या संहारावरील या साडेनऊ तासांच्या चित्रपटाला सुमारे अकरा वर्षे लागली. त्यात संहारछावण्यांची जुनी चित्रफीत एकही नाही. दिसतात ती आजची माणसे, आजची गवताळ माळराने, आजचे रेल्वेमार्ग. प्रेतांचे ढीग दाखवून प्रेक्षकाला हादरवायचे नाही, हा निर्णय नैतिक होता आणि आजही तो आदर्शवत् मानला जातो. मात्र याच चित्रपटात अब्राहम बोम्बा या न्हाव्याचा प्रसंग आहे. त्रेब्लिंकाच्या छावणीत त्याला मृत्यूच्या दारातील स्त्रियांचे केस कापावे लागले होते. लान्झमान त्याला इस्रायलमधील एका केशकर्तनालयात उभे करतात, हातात कात्री देतात, समोर गिऱ्हाईक बसवतात आणि केस कापता कापता ते सारे सांगायला लावतात. आपल्याच गावच्या, आपल्यासारख्याच एका न्हाव्याची बायको आणि बहीण तेथे आल्या, या आठवणीपाशी बोम्बा थांबतो. बोलवत नाही, म्हणतो. कॅमेरा चालू राहतो. सांगावेच लागेल, असा दिग्दर्शकाचा शांत पण अढळ आग्रह ऐकू येतो. दीर्घ काळ गेल्यावर बोम्बा पुढे बोलतो.

या प्रसंगावर पुष्कळ लिहिले गेले आहे. साक्ष ही जगाच्या मालकीची असते, ती न देता माणूस गेला तर मारेकऱ्यांचे काम पूर्ण होते, असा एक पक्ष. एका वृद्ध माणसाला त्याच्या नरकात पुन्हा नेण्याचा अधिकार कोणालाच नाही, असा दुसरा. या दोहोंत निवाडा करणे कठीण आहे. मात्र एक गोष्ट सहसा सुटून जाते. बोम्बाचा नकार चित्रपटात आहे. थांबण्याची विनंती, त्यावरील आग्रह, मधली शांतता हे सारे प्रेक्षकाला दिसते. साक्ष कशी मिळवली गेली, हे साक्षीइतकेच उघड आहे. लान्झमान यांचे कृत्य क्रूर मानणाऱ्यालाही ते तसे मानण्याचा पुरावा लान्झमान यांनीच दिला आहे. दूरचित्रवाणीच्या वार्ताहराने काढलेल्या अश्रूंत आणि या अश्रूंत फरक करायचा तर तो येथे करावा लागतो.

मराठीत या चर्चेची पूर्वपीठिका चित्रपटात सापडत नसली तरी साहित्यात सापडते. 'बलुतं' (१९७८), 'उपरा' (१९८०), 'अक्करमाशी' (१९८४) ही आत्मकथने आली, तेव्हा त्यांच्या वाङ्मयीन मूल्याविषयी जितका वाद झाला, तितकाच घरातील लक्तरे वेशीवर टांगल्याचा आरोप स्वकीयांनीही केला. हा आरोप झाला, तरी लेखक त्याच घरातला होता. आई, बाप, वस्ती यांच्याविषयी बोलण्याची किंमत तो स्वतः चुकवीत होता. अनिल अवचटांच्या रिपोर्ताजमध्ये बाहेरचा माणूस वस्तीत जातो. परंतु लेखणीला आडपडद्याची सोय असते. नाव बदलता येते, गाव वगळता येते, दोघांची हकिकत एकाच्या तोंडी घालता येते. कॅमेऱ्याला चेहरा बदलता येत नाही. झाकला तर तो गुन्हेगाराचा वाटू लागतो. एकदा चित्रित झालेला माणूस पुढे वीस वर्षांनी तसा राहिला नाही, त्याचे मत बदलले, त्याची मुलगी त्या चित्रात दिसते म्हणून तिचे लग्न अडले, तरी पडद्यावर तो त्याच दिवशी त्याच वाक्यापाशी उभा असतो. संमती एका दुपारी दिलेली असते आणि प्रदर्शन कायमचे असते.

याचसाठी काळ ही अनुबोधपटाच्या बाबतीत तांत्रिक बाब उरत नाही. 'जय भीम कॉम्रेड' (२०११) या पटवर्धन यांच्या चित्रपटाला चौदा वर्षे लागली, हे नेहमी चिकाटीचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. ते तसे आहेच, पण विचार करण्याजोगी बाब निराळी आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा जण मृत्युमुखी पडले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. घोगरे डाव्या सांस्कृतिक चळवळीतले. 'हमारा शहर'मध्ये त्यांचे गाणे आहे. म्हणजे ज्याचा आवाज एका चित्रपटासाठी घेतला होता, त्याच माणसाच्या मृत्यूपासून दुसरा चित्रपट सुरू होतो. पहिल्या चित्रपटातील स्त्रीने विचारलेला प्रश्न येथे अनपेक्षित मार्गाने पुन्हा समोर येतो, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

चौदा वर्षांत चित्रपटाने काय केले? जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता म्हणून गोळीबार करावा लागला, या पोलिसांच्या दाव्याची त्याने रेंगाळत, अंतरे मोजत तपासणी केली. खटला चालू राहिला तसे चित्रण चालू राहिले. २००९ साली सत्र न्यायालयाने संबंधित पोलीस अधिकाऱ्याला जन्मठेप दिली. पुढे उच्च न्यायालयाकडून शिक्षेला स्थगिती आणि जामीन मिळाला. १९९७ च्या अखेरीसच चित्रपट पुरा केला असता तर दहा मृत्यूंची शोकांतिका तयार झाली असती आणि करुणरस पूर्णत्वास गेला असता. विलंबाने ते होऊ दिले नाही. मृतांचे आप्त पुन्हा पुन्हा भेटतात. त्यांचा आक्रोश ओसरतो, त्याजागी कंटाळा, चिडचिड, विनोद, राजकारणातील तडजोडी येतात. गाणी येतात, आणि ती भरपूर येतात. माणसे दुःखाखेरीज इतर गोष्टीही करतात, हे कळायला चौदा वर्षे लागू शकतात. घाईत बनलेल्या चित्रपटात ती केवळ दुःखच करीत असतात. तीन तासांहून अधिक लांबीचा हा चित्रपट काही ठिकाणी सैल आहे, त्यातील काही मुलाखती एकाच ठरावीक उपरोधाच्या पद्धतीने कापल्या आहेत आणि सवर्ण तरुणांच्या तोंडून अज्ञान वदवून घेण्याचा मोह दिग्दर्शकाला आवरलेला नाही. हसण्याची सोय झाली की प्रेक्षक स्वतःला त्या तरुणांतून वगळतो.

काळाची दुसरी बाजूही येथेच दिसते. चित्रपटाच्या उत्तरार्धात पुण्याच्या कबीर कला मंचाची तरुण मुले गातात. चित्रपट पुरा होईपर्यंत मंचाच्या काही सदस्यांवर नक्षलवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप आला होता, काहींना अटक झाली होती, काही भूमिगत झाले होते. शीतल साठे आणि सचिन माळी एप्रिल २०१३ मध्ये विधानभवनासमोर पोलिसांच्या स्वाधीन झाले. सुरुवातीला केवळ गायक म्हणून चित्रित झालेले चेहरे प्रदर्शनाच्या वेळी संशयितांचे चेहरे बनले. असे चित्रण त्यांच्या बाजूचा पुरावा ठरू शकते, तसेच ते विरुद्ध बाजूच्याही हाती पडू शकते. कोणती शक्यता खरी ठरेल, हे चित्रण करणाऱ्याच्या हातात नसते. तपासयंत्रणा चित्रपट रसिकतेने पाहत नाही. पटवर्धन या तरुणांच्या बचावासाठी पुढे उघडपणे उभे राहिले. हे चित्रपटाच्या बाहेर घडले, म्हणून समीक्षेने त्याची नोंद घेऊ नये, असा एक संकेत आहे. तो संकेत कादंबरीच्या बाबतीत कदाचित मान्य करता येईल.

मग ज्यांचे चित्रण केले त्यांची मान्यता हीच अंतिम कसोटी मानावी काय? तसे म्हणण्याचा मोह होतो, पण जोशुआ ओपेनहायमर यांचा 'द ॲक्ट ऑफ किलिंग' (२०१२) त्यात मोडता घालतो. इंडोनेशियात १९६५-६६ मध्ये कम्युनिस्ट ठरवून लक्षावधी माणसे मारली गेली. ओपेनहायमर प्रथम बळींच्या कुटुंबांकडे गेले होते. त्यांना लष्कराने धमकावले. तेव्हा त्यांच्यापैकी काहींनीच, मारेकऱ्यांना विचारा, ते आनंदाने सांगतील, असे सुचवले. ते खरे ठरले. मेदान शहरातील मारेकऱ्यांनी आपली कृत्ये कॅमेऱ्यासमोर अभिमानाने पुन्हा रंगवून दाखवली, गाण्यांसह आणि रंगीबेरंगी वेषांसह. संमती येथे शंभर टक्के आहे. श्रेयनामावलीत मात्र इंडोनेशियातील अनेक सहकाऱ्यांच्या नावाच्या जागी 'अनामिक' एवढेच येते. ज्यांनी मारले ते नावानिशी बोलतात आणि ज्यांनी चित्रण केले त्यांना नाव लपवावे लागते. त्यानंतरच्या 'द लुक ऑफ सायलेन्स' (२०१४) या चित्रपटात मारल्या गेलेल्या एका तरुणाचा धाकटा भाऊ मारेकऱ्यांसमोर बसून प्रश्न विचारतो. त्याच्या कुटुंबाला सुरक्षिततेसाठी आपला मुलूख सोडून दुसरीकडे राहायला जावे लागले. अशा ठिकाणी संमती हा शब्द फार अपुरा पडतो. सत्ता कोणाकडे आहे, यावर त्याचा अर्थ ठरतो, आणि चित्रपट करणाऱ्याची उत्तरदायित्वाची रेषा बलवानाशी व दुबळ्याशी एकच असू शकत नाही.

दीपा भाटिया यांच्या 'नीरोज गेस्ट्स' (२००९) या चित्रपटात विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा विषय आहे, पण मध्यभागी पी. साईनाथ हे पत्रकार आहेत. शेतकऱ्याच्या विधवेऐवजी वार्ताहर का, अशी तक्रार करता येते. परंतु शीर्षकाकडे पाहिले की निवडीचा हेतू उमगतो. नीरोने रात्रीच्या मेजवानीत उजेडासाठी माणसे जाळली, त्या उजेडात जेवणारे पाहुणे कोण होते, हा साईनाथ यांचा प्रश्न आहे. येथे विघ्न आणणारी व्यक्ती पडद्यावरील पीडित नाही. खुर्चीवरील प्रेक्षकालाच त्याच्या जागेची आठवण करून देण्यात आली आहे.

पुण्यातील सफाई कामगारांवर अतुल पेठे यांनी 'कचराकोंडी' हा अनुबोधपट केला. तो पाहताना नाकावर हात जातो, आणि तो गेला हेही लगेच ध्यानात येते. पुढे २०१२ साली त्यांनी गो. पु. देशपांडे यांचे 'सत्यशोधक' हे नाटक पुणे महानगरपालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन रंगभूमीवर आणले. हा क्रम बोलका आहे. ज्यांच्याकडे कॅमेऱ्याने पाहिले होते, त्याच श्रमिकवर्गातील माणसे महात्मा फुले यांची कथा सांगायला उभी राहिली. अभिनवगुप्ताला अभिप्रेत असलेला वेष आणि रंगमंच त्यांना येथे मिळाला. आपले नव्हे, तर दुसऱ्या कोणाचे सुखदुःख साकारण्याचा, म्हणजे साधारणीकरणाचा अधिकार मिळाला. अनुबोधपट तो त्यांना देऊ शकत नव्हता. त्याला ते सफाई कामगार म्हणूनच हवे होते. या कलाप्रकाराची ही मर्यादा समीक्षेत फारशी बोलली जात नाही.

अलीकडचे एक प्रकरण याहून अवघड आहे. उत्तर प्रदेशातील बुंदेलखंडात २००२ पासून चालणाऱ्या 'खबर लहरिया' या वृत्तपत्राच्या दलित स्त्री-पत्रकारांवर रिंटू थॉमस आणि सुश्मित घोष यांनी 'रायटिंग विथ फायर' (२०२१) केला. जगभर त्याचे कौतुक झाले, ऑस्करसाठी नामांकन मिळाले. मार्च २०२२ मध्ये, पारितोषिक समारंभाच्या काही दिवस आधी, 'खबर लहरिया'ने निवेदन काढले : चित्रपट प्रभावी आणि हृदयस्पर्शी आहे, पण त्यात आमचे काम जणू एकाच राजकीय पक्षाच्या वार्तांकनापुरते असल्याचा भास होतो, तो आमच्या कामाचा केवळ एक भाग आहे, आणि अर्धी गोष्ट कधीकधी पूर्ण गोष्टीला विकृत करते. निर्मात्यांची भूमिका अशी की, हा त्यांच्या दृष्टीतून दिसलेला चित्रपट आहे. दोन्ही बाजूंना तथ्य आहे. तरीही एक फरक डोळ्यांआड करता येत नाही. या स्त्रिया स्वतः पत्रकार आहेत. गावोगाव जाऊन माणसांची चित्रणे घेणे, त्यांतून कोणता भाग ठेवायचा हे ठरवणे, हे त्यांचे रोजचे काम. 'हमारा शहर'मधील स्त्रीला जे अनुभवाने कळले होते, ते त्यांना व्यवसायाने ठाऊक होते. त्यांचा आक्षेप दुःखाच्या चित्रणावर नव्हता, निवडीवर होता. म्हणजे तो एका संपादकाने दुसऱ्या संपादकावर घेतलेला आक्षेप होता.

१९८५ च्या चित्रपटात त्या अनाम स्त्रीचा जाब चित्रपटाच्या आत आहे; आज चाळीस वर्षांनीही चित्रपट पाहणाऱ्याला तो ऐकावाच लागतो. 'खबर लहरिया'चे निवेदन मात्र चित्रपटाच्या बाहेर, त्या महिन्यातील वृत्तपत्रांच्या पानांवर राहिले. झां रूश आणि एदगार मोराँ यांनी १९६१ च्या 'क्रॉनिक द्युन एते'मध्ये, ज्यांचे चित्रण केले त्यांनाच चित्रपट दाखवून त्यांचे मतभेद शेवटी चित्रपटात घेतले होते. कोणाला कोण खोटे वाटले, कोणाला कोण निर्लज्ज वाटले, हे सारे. तो मार्ग उपलब्ध होता आणि आहे. 'रायटिंग विथ फायर' ज्यांनी आता पाहिला त्यांच्यापैकी बहुतेकांना त्यातील पत्रकारांचे त्या चित्रपटाविषयीचे म्हणणे ठाऊक नसते.